सतरा नंबरच्या पेटीतले हाड

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण नववी नापास, धंदा लेथवर खुर्च्यांचे पाय कातणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी न सांगता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदय मोठे झाले आहे, असे डॉक्टर म्हणतात. ताईचेही झाले होते. ती तिसाव्या वर्षी गेली. मला तेवढाही वेळ मिळेलसे वाटत नाही.

१. घर भाड्याचे आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही. पतपेढीत जे असेल ते आईचे.

२. माझ्या पटाश्या आणि कानशी कारखान्यातल्या पॉलिशवाल्याला द्याव्यात. बारीक कानस देऊ नये. तिचे खाली लिहिले आहे.

३. काकांना काही नाही. रागाने लिहीत नाही. राग आहे, पण ते कारण नाही. देण्यासारखे काही उरत नाही.

४. माझा देह विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला द्यावा. याचे कारण सविस्तर लिहितो, कारण ते घरात कोणी उघड बोललेले नाही.

ताई डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला असताना विभागाने तिला अभ्यासाला हाडांची पेटी दिली होती. नंबर सतरा. खरी हाडे, कोणा अनोळखी माणसाची. ती पाठ करायची आणि मी, वय नऊ, तिच्यासमोर नावे लिहायचो. एक काना चुकला तरी पुन्हा लिहायला लावायची. मनगटात आठ हाडे असतात. त्यातले सगळ्यात लहान वाटाण्याएवढे. ते मी खिशात घालून कारखान्यात बाबांना दाखवायला नेले आणि भुशात पाडले. तीन दिवस भुसा चाळला. सापडले नाही.

ताई जेवेना. बाबांनी मऊ लाकडाचा तुकडा घेतला, बारीक कानशीने घासला, रंग यावा म्हणून चहात बुडवला आणि पेटीत ठेवला. वर्ष संपल्यावर भांडारपालांनी पेटी मोजून घेतली. "आठ. बरोबर," म्हणाले. मी दाराशी उभा होतो.

डिग्री मिळाली त्या दिवशी ताई बाबांना म्हणाली, "बाबा, माझ्या डिग्रीत एक हाड लाकडाचं आहे."

"कोणाला कळलं का?"

"मला कळतं ना."

तिने देहदानाचा अर्ज भरला तो त्यामुळेच. विभागाला जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती गेली तेव्हा काका म्हणाले, "दादा, पोरीची चिरफाड करून घेणार? लोक शेण घालतील तोंडात." बाबांनी सही केली नाही. अर्ज अजून आईच्या ट्रंकेत आहे.

विद्यापीठाचे पत्र मात्र दर वर्षी ताईच्या नावाने येते. माजी विद्यार्थ्यांची कुटुंबे विद्यापीठाला देणगीच्या रूपाने परत का देतात, ते दोनशे शब्दांत कळवा. मी तीनदा लिहायला घेतले आणि फाडले. आता हेच उत्तर समजावे. शब्द जास्त झाले आहेत.

५. विभागाचे काम झाल्यावर माझ्या उजव्या मनगटातले ते वाटाण्याएवढे हाड पेटी सतरामध्ये ठेवावे आणि लाकडाचे काढून बाबांना परत करावे. ओळखण्याची खूण: लाकडाचे वजनाला हलके आहे, आणि नखाने दाबले तर रेघ उमटते.

६. हे कलम लिहू नये असे वाटत होते, पण खोटे ठेवायचे नाही. मागच्या महिन्यात मी विभागात जाऊन आलो. नवे भांडारपाल म्हणाले, "आता सगळी प्लॅस्टिकची आलीत. जुन्या पेट्या केव्हाच हलवल्या. कुठे, ते मलाही माहीत नाही. तुम्ही इथले विद्यार्थी का?"

"नाही. विद्यार्थिनीचा भाऊ."

"मग कशाला शोधताय?"

पेटी सापडली नाही तर कलम पाच रद्द. कलम चार रद्द नाही.

७. बारीक कानस बाबांची. ती त्यांचीच होती.

मृत्युपत्र लिहिले तरी सहीवाचून विभाग देह घेत नाही. म्हणून काल हा कागद बाबांना वाचून दाखवला. ते लेथ पुसत होते. म्हणाले, "एक हाड दिलं होतं ना करून? फिटलं ते." मी म्हणालो, "फिटलं नाही, बाबा. खपून गेलं." त्यांनी फडके झटकले आणि पुन्हा पुसायला लागले. लेथ स्वच्छ झाला होता.

साक्षीदार:
१. शेजारच्या शिवणवाल्या मावशी (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

लिहून देणार: (सही)

स्थळ: कारखान्यामागची आमची खोली
दिनांक: ११ मार्च, मंगळवार

जवळच्या नातेवाइकाची संमती, नाते वडील:

(ही ओळ कोरी ठेवली आहे. पेन ट्रंकेवर, ताईच्या अर्जाशेजारी आहे. चालते, तपासले आहे.)