पोटमाळ्यावरून आलेली पाहुणी

ओबरलाख, १२ जून १९९४

चि. बुर्गल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. पहिल्या गवताची कापणी चालू आहे. आपल्या उतारावर यंत्र चालत नाही, सगळं हातानं. चर्चची घंटा दिवसातून तीनदा, ती वेगळीच. परवा दुपारची घंटा ओढताना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि दोन टोले जास्त पडले. शेजारच्या बायका जेवण टाकून बाहेर आल्या.

पण लिहायचं आहे ते आईबद्दल. ‘खोल्या मिळतील’ची पाटी मी गेल्या वर्षीच उतरवली, हे तुला कळवलं होतं. पाटी उतरली, आईचा उन्हाळा काही उतरला नाही. उन्हाळाभर खोल्या पाहुण्यांना आणि आपण सगळे पोटमाळ्यावर, तेच अजून तिच्या डोक्यात. हल्ली ती तुझ्या जुन्या खोलीत झोपते. एक जून उजाडला आणि तिनं पलंग मोकळा केला, कडक चादर घातली, उशाशी टॉवेलची घडी ठेवली आणि स्वतः पोटमाळ्यावर गेली. ऐंशीव्या वर्षी, त्या शिडीनं! पर्यटक येणार म्हणते. आता कोणी येत नाही म्हटलं, तर म्हणाली, तुला काय कळतंय, डॉर्टमुंडची जर्मन मंडळी चाळीस वर्षं न चुकता येताहेत. मी शिडी लपवली. काल कुरणातून आलो तर बाई टेबलावर स्टूल ठेवून वर उभ्या. खाली उतरवलं, तर पाहुण्यांच्या पलंगावर लोळायला सांगतोस, लाज नाही वाटत का, म्हणून मलाच दटावलं.

लिंट्सच्या वृद्धाश्रमात तू तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहेस, त्यांना एक जुलैच्या आत कळवायचं आहे. ती पडली तर मी स्वतःला माफ करणार नाही, आणि पाठवली तरी नाही. थकलोय, बुर्गल. रोज प्रार्थनेत विचारतो, उत्तर येत नाही. तूच सांग, हो म्हणू का?

काळजी इकडून तिकडे पाठवतोय, लोभ तिकडून इकडे असू दे.

तुझा,
कासियानदादा


लिंट्स, १७ जून १९९४

ती. कासियानदादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जास्तीचे दोन टोले देवानं माझ्या नावावर घेतले असतील. मी किती दिवसांत चर्चची पायरी चढले नाही ते त्यालाच ठाऊक.

दादा, खरं लिहू? आई पोटमाळ्यावर झोपते हे वाचून मला आधी वाईट वाटलंच नाही. सात वर्षांची होते मी, गोवर उठला होता, आणि माझ्या पलंगावर डॉर्टमुंडची दोन पोरं उड्या मारत होती. वर छपराखाली अंग कशानं तापलंय, तापानं की उन्हानं, तेच कळत नव्हतं. आई खाली त्यांना जर्दाळू भरलेले गोड गोळे वाढत होती. अकरा वर्षं मी घरी आले नाही, ती कामामुळे नव्हे.

तेव्हा आश्रमाला हो कळव. किंवा थांब, एक करून बघ. पलंग ती पाहुण्यांसाठीच सोडते ना? मग तिलाच पाहुणी कर. नोंदणीचा कागद पुढे ठेव, किल्ली दे. दहा उन्हाळे येणाऱ्या पाहुण्याला गाव पदक देतं, तिचे तर त्या घरात अठ्ठावन्न झाले. खोटं बोलणं तुला जमायचं नाही, संतमाणूस तू! मग तू बोलूच नकोस. कागद तिला भरू दे.

रागावलास तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
बुर्गल


ओबरलाख, २५ जून १९९४

चि. बुर्गल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं केलं. रविवारी चर्चमधून येताना आईला समोरच्या दारानं आत आणलं. ते दार पाहुण्यांचं, उन्हाळ्यात आपण सगळे गोठ्याच्या दारानं येणारे. ती उंबऱ्यावर जरा अडखळली. कागद पुढे ठेवला. तिनं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, चष्मा पुसला. ‘कुठून आलात’ या रकान्यात लिहिलं, पोटमाळा.

पाहुण्यांना द्यायला गावानं दिलेल्यांपैकी एक पदक कपाटात उरलं होतं ते पुढे केलं, तर म्हणाली, इतक्यात कशाला, अजून एक रात्रही राहिले नाही मी.

तेव्हापासून पलंगावर झोपते, शिडीचं नाव नाही. मला अहो मालक म्हणते. कॉफी पातळ आहे म्हणून रोज नाक मुरडते.

काल न्याहारीला तिनं विचारलं, मालक, माझ्या खोलीच्या दाराला पेन्सिलीच्या रेघा आहेत, कुणा मुलीची उंची मोजल्यासारख्या. ती मुलगी कुठे झोपते?

बुर्गल, चाळीस वर्षांत एकाही पाहुण्यानं हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो, वर. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, एवढ्या उकाड्यात? खाली बोलवा तिला. सांगा, पलंग रुंद आहे, मी भिंतीकडे सरकते.

मी आहे तितकाच थकलेला आहे. आश्रमाला काय कळवू?

तुझ्या उत्तराची आणि लोभाची वाट बघणारा,
कासियानदादा


लिंट्स, २९ जून १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आश्रमाला मीच ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं. शनिवारी दुपारच्या बसनं येते, महिनाभर राहीन. कापलेलं गवत मी उलटवेन, घंटा ओढताना तू खुशाल झोप.

मलाही समोरच्या दारानं आत घे आणि कागद भरायला ठेव. ‘कुठून आलात’ इथे आईनं लिहिलं तेच लिहीन.

वेगळा पलंग घालू नकोस. लोभ आहेच, बाकी भेटीत.

तुझी,
बुर्गल