ज्योतीच्या काचेवरची पट्टी

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

डोकं फुटायचं तेवढं बाकी आहे. आज अकरा विहिरींचं पाणी मोजलं, सगळ्या दौंड रस्त्याच्या कडेच्या. गाडीने साठ ओलांडलं की काचेवरून आलेला वारा हेल्मेटवर नुसते गुद्दे घालतो — थड थड थड! कानात पिठाची गिरणी. समोरून उसाची ट्रॉली गेली की मानच हलते. आप्पांच्या जुन्या गाडीला ही पुढची काच मीच हौसेने बसवून घेतली, वारा लागू नये म्हणून. नव्हती तेव्हा बरं होतं!

माझ्याबरोबर काम करणाऱ्या ज्योतीनेही अकराच केल्या. आली ती अशी, जणू गल्लीतून चक्कर मारून आली. तिच्या काचेवर एक छोटी वाकडी पट्टी आहे, क्लिपने अडकवलेली. विचारलं, "तुला नाही का गं त्रास होत? केवढा आवाज!"

हसली. "मला नाही बाई काही आवाज येत."

नवी गाडी, नवी पट्टी, हसायला काय जातंय.

बुधवार, ११ फेब्रुवारी

संस्थेच्या अजिनाथ सरांनी आज स्पष्टच सांगितलं. मार्चपासून आमच्या दोघींपैकी एकच राहणार. जी राहील ती तालुका समन्वयक, दुसरीचं काम संपलं. यादी दोन मार्चला.

मला हे काम हवंय. हिवरे बाजारला प्रशिक्षणाला गेलो तेव्हा लोकांनी विहिरीतलं पाणी मोजून, सभेत बसून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवलेलं ऐकलं आणि मला रडू आलं होतं. असं आपल्या तालुक्यात व्हावं! त्यासाठी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. आप्पा गवंडीकाम करतात, ज्यांच्या भिंती बांधतात त्यांना सांगत सुटतात — "आमची यशोधरा पानी मोजती सरकारी लोकांसंगं." सरकारी नाही, संस्था आहे, हे शंभरदा सांगून झालं.

ज्योतीला काय? घरी बागायत, दारात ट्रॅक्टर. गाडी भावाने घेऊन दिली. काम गेलं तरी तिचं काही अडत नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आमच्याकडे दोन साधनं आहेत. एक नवी टेप — टोक पाण्याला टेकलं की बीप वाजते. दुसरी जुनी, दोराला वजन बांधलेली. ज्योती रोज टेप माझ्या हातात देते. "तू घे बीपवाली. मला दोरच बरा." वजन पाण्याला लागलेलं तिला म्हणे हाताला कळतं. आज विहिरीवरचे म्हातारबाबा सरांसमोर म्हणाले, "ही पोरगी लई कसबाची हाय. आमच्या आज्यावानी पानी धरती." सर खूश! आणि मी शेजारी बीप बीप करत उभी.

दानशूरपणा दाखवायचा आणि वर कौतुकही खायचं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पट्टी केलीच! ज्योतीची गाडी उभी असताना वहीच्या कागदावर तिच्या पट्टीचा आकार उतरवून घेतला — चोरासारखा. काष्टीत नंबरप्लेटवाला ज्ञानेश्वर आहे, त्याच्याकडून तसाच अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून, गरम करून वाकवून घेतला. तो म्हणाला, "ताई, हिला काय रॉकेट करायची का?"

म्हटलं, "आधी बसव."

बुधवार, १८ फेब्रुवारी

आधीपेक्षा वाईट! आता वारा कपाळावर नाही, हनुवटीखालून घुसतो. हेल्मेट वर उचललं जातं. तीच पट्टी, तोच आकार. तिच्याकडे चालते आणि माझ्याकडे नाही. सगळंच तसं आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये ज्योती नेहमीसारखी सरांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत. ती खुर्ची जणू तिच्या नावावर. एक दिवस मी आधी जाऊन बसले तर म्हणाली, "यशोधरा, मी बसू का इथे? प्लीज." सर बोलताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघते. सर म्हणतात, "ऐकावं कसं, ते ज्योतीकडून शिका."

आणि बाहेर पडल्यावर मी मागून तीन हाका मारल्या. वळली सुद्धा नाही! फोन केला तर उचलत नाही, "मेसेज कर" म्हणून उत्तर येतं. खुर्ची मिळायच्या आधीच एवढा भाव.

मी जळते आहे. लिहून ठेवते, म्हणजे निदान या वहीशी तरी खोटं नको.

रविवार, २२ फेब्रुवारी

सुट्टी. बीएस्सीला फिजिक्स होतं ते कशासाठी! काचेच्या आतल्या बाजूला आईच्या लोकरीचे बोटभर धागे चिकटवले आणि गाडी रस्त्यावर नेली. वाऱ्याची दिशा दिसली पाहिजे. धागे मागे उडायला हवेत. ते उलटे, पुढे काचेकडे वळत होते आणि गरगर फिरत होते! म्हणजे काचेमागे जागा रिकामी पडते, वरून गेलेला वारा तिच्यात कोसळतो, भोवरा होतो आणि तो माझ्या डोक्यावर आपटतो.

आप्पा ओट्यावरून बघत होते. "खालनं बंद केलीस का ती काच?"

"हो. फटीतून वारा यायला नको म्हणून रबर लावलंय."

"मग बरूबर हाय की. कोंडलंस तू त्याला. पत्र्याच्या आडोशाला खाली फट न्हाई ठिवली तर पत्रा फडफडतोच. वाट दे त्याला थोडी."

सातवी शिकलेला माणूस!

मंगळवार, २४ फेब्रुवारी

हे लिहू की नको असं झालंय.

सरांनी एकटीला बोलावलं. "ज्योतीबद्दल तुझं मत काय? मोकळेपणाने सांग." मी म्हणाले, "काम चांगलं आहे, सर. पण हाक मारली तरी ओ देत नाही. शेतकरी बोलत असतात आणि ही दुसरीकडेच बघते. लोकांना ती गर्विष्ठ वाटते." शेतकऱ्यांपैकी कुणी असं कधीच म्हटलेलं नाही. ते मला वाटतं. मी "लोकांना" म्हणाले.

सर म्हणाले, "हं. ग्रामसभा घ्यायच्या म्हणजे हे महत्त्वाचं." आणि काहीतरी लिहून घेतलं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

जमलं! रबर काढलं, काच दोन बोटं वर घेतली, खाली फट सोडली. नवी पट्टीही काढून टाकली. गाडी साठवर, मग पासष्टवर — धागे सरळ मागे! गिरणी बंद. वाऱ्याचा नुसता सूं आवाज, आणि चक्क मला माझ्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. आप्पांना सांगितलं तर म्हणतात, "मजुरी दे मग."

आता ज्योतीची गाडी चालवून बघायची. तिच्या विकतच्या पट्टीपेक्षा माझी फट भारी, हे एकदा मला कळायलाच हवं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

विहिरी संपल्यावर म्हटलं, "गाड्या बदलू. गंमत."

तिची गाडी साठवर नेली. अरे देवा! माझ्या आधीच्या गिरणीपेक्षा वाईट. हेल्मेट हातोड्याने बडवावं तसं, कान फुटतील असा आवाज. पट्टीचा काडीचा उपयोग नाही. फाट्यावर थांबले, हेल्मेट काढलं आणि ओरडलेच, "खोटारडी! म्हणे आवाज येत नाही! रोज एवढं सहन करतेस आणि मला हसून सांगतेस?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तसंच, टक लावून. मग म्हणाली, "हळू. हळू बोल. परत सांग."

मला राग आला. मी परत नाही सांगितलं. तिची चावी तिच्या हातात दिली आणि निघून आले.

मग खोटं का बोलते? कशासाठी?

शनिवार, २८ फेब्रुवारी

ज्योती सकाळी घरी आली. आईने चहा ठेवला. ज्योती माझ्या डावीकडे येऊन बसली.

तिला डाव्या कानाने लहानपणापासून काहीच ऐकू येत नाही. उजव्याने जवळचं तेवढं. हेल्मेट घातलं की तेही नाही. बीप तिला ऐकूच येत नाही, म्हणून दोर.

"डोकं हलतं गं, पण आवाज नसला की सवय होते. पट्टी भावाने नुसती शो म्हणून लावलीय. हे फक्त तुला सांगितलंय. सरांना कळलं तर म्हणतील, हिला ग्रामसभा कशी जमणार. आणि हे काम गेलं ना, तर घरचे लगेच लग्न उरकणार. कानाचं लोकांना कळायच्या आत. शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. तू तशी नाहीस, म्हणून बोलले."

शपथ घेतली.

परवा यादी. सर राहुरीत राहतात, इथून शंभरएक किलोमीटर. उद्या पहाटे निघते. तिच्या कानाचं सांगता येणार नाही. एवढंच सांगता येईल — लोक काही म्हणाले नव्हते, सर. मी जळून बोलले.