मैनेला कुणी घास देऊ नका

प्रिय अहो,

जिवंतपणी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं तरी कुठे? तुम्ही एक तर घोडी घेऊन कुणाच्या वरातीत, नाहीतर मागच्या तबेल्यात! पण उद्या तुमचं वर्षश्राद्ध. करंजाडे गावातल्या आपल्या घरात पाहुणे यायला लागलेत. मला तुमच्या घोडीच्या जिवाची भीती वाटते. सांगू कुणाला?

जमीन प्लॉटांत गेली, पैसे आले, तेव्हा भाऊजींनी गाडी घेतली, तुम्ही ही घोडी, मैना, आणलीत. बायका मला विचारायच्या, सवत काय म्हणते? मी हसायचे, मनातून जळायचेही. माझा वाढदिवस तुमच्या लक्षात नसायचा, पण तिचं गवत जरा कुबट लागलं की अख्खा भारा परत पाठवायचात.

तिला काय द्यायचं, किती द्यायचं, हे मात्र कुणालाच सांगितलं नाहीत. सगळं आपल्या डोक्यात. असं कुणी जातं का हो?

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. ऊन चढलं तरी शिवेना. शेवटी तुमच्या बहिणीने, बायजाने, हात जोडून मोठ्याने सांगितलं, "दादा, मैनेची काळजी नको करू, आमी हाव ना!" आणि कावळा आला. सगळे रडले, मीही रडले.

त्या शब्दाला जागायचं म्हणून तेराव्याला जो तो पान घेऊन तबेल्यात. भात, वडे, खीर, लाडू. प्रत्येकाचा एकच घास होता, पण माणसं किती होती! संध्याकाळी मैना पाय आपटायला लागली, मान वळवून आपल्याच पोटाकडे बघायला लागली, मग खाली पडून लोळू लागली. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. ती वाचली. मला वाटलं होतं, तुमच्या मागोमाग हीपण जाणार.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं उकडलेले हरभरे द्या, कुणी गूळ-तूप. पुतण्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पेंडवाला म्हणाला, म्हशीच्या खुराकाचं पोतं न्या, घोडी कशी टुमटुमीत होईल बघा. आणि सगळ्यांना अगदी खात्री!

एकटे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मी गायीम्हशींचा माणूस. घोड्याच्या खाण्याचं विचारून सांगतो." खरं सांगू? माझा धीरच सुटला. पण त्यांनी माझ्यासमोर घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, मैनेचे दात तपासले, ती किती चालते ते विचारलं. मग म्हणाले, पोट भरायचं ते स्वच्छ, कोरड्या गवतानेच. दाणा थोडाच. नवीन काही असेल तर रोज चिमूट-चिमूट वाढवत. म्हशीचा खुराक मुळीच नको, त्यात कधीकधी औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याला विष. "आणि पुढे कुणी सल्ला दिला तर आधी विचारा, घोडी बघितलीय का म्हणून." वर्षभर मी तेवढंच धरून चाललेय.

आणि आज दुपारी बायजा आली, हातात स्टीलचा डबा.

"वयनी, हे लाडू मैनेचे. दादाचा घास हाय, नाय नको बोलू."

मी नाही म्हटलं. डॉक्टरांचं सगळं समजावलं. ती ऐकेना. "एका लाडवानं काय मरते काय घोडी? तुला दादाची आठवन तरी हाय काय?"

अहो, हे मला विचारलं तिने! सगळ्यांसमोर! तबेल्यात येऊन बसले आणि तुमच्यावरच चिडले. तुम्ही असतात तर एका शब्दात तिला गप्प केलं असतंत. माझ्या 'नाही'ला या घरात वजन किती, तुम्हाला ठाऊक आहे. उद्या तर सगळेच येतील, आणि प्रत्येकाच्या हातात तुमच्या नावाचं काहीतरी असेल. माझा डोळा चुकवून कुणी घातलं तर?

म्हणून शब्द देते. उद्या पानं वाढायला दुसरं कुणी उभं राहील. मी तबेल्याच्या दारात असेन. बायजा बोलणं टाकेल, टाकू दे. ज्याला तुमची आठवण येईल त्याने मैनेच्या मानेवर हात ठेवावा, हवा तेवढा वेळ. तोंडात काही घालायचं नाही. तुम्ही स्वतः आलात तरी आधी तुमचे हात रिकामे आहेत का बघीन, मगच आत सोडीन.

पण या हो.

तुमचीच,
सुमन