तुमच्या निवडुंगाला अंधार हवा

अहो,

दोन वर्षांत तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागद आज पहिल्यांदा घेतला. तुमचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही, लिहायलाही हात धजत नाही, म्हणून नुसतं 'अहो'. काल मुठा गावच्या बंगल्यातल्या बाईंकडे जाऊन आले, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दिवेलागणीच्या आत मला एक ठरवायचं आहे आणि विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

गोष्ट तुमच्या निवडुंगाची आहे. याच बाईंच्या बागेत तुम्ही माळीकाम करायचात आणि तिथूनच दोन पेरं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होतीत. नाताळचा निवडुंग म्हणे! ना काटा, ना धड पान, नुसत्या चपट्या हिरव्या पेरांची माळ. मी नाक मुरडलं. पण पुढच्या डिसेंबरात प्रत्येक माळेच्या टोकाला राणी रंगाचं फूल लोंबलं आणि आळीतल्या बायका बघायला आल्या. तुम्ही त्याच्याशी बोलत बसायचात. मी म्हणाले, घरात सवत आणलीत. तुम्ही म्हणालात, "हिला बोलता येत न्हाई, म्हणून तर आणली." किती दिवस फुगून होते मी! आठवतं?

तुमच्या रोपांभोवती गुंडाळून यायची ती वर्तमानपत्रं वाळवून मी अक्षरं जुळवायला शिकले. तुम्हाला वाटायचं, चूल पेटवायला जपून ठेवते.

तुम्ही गेलात त्या दिवशी झाड कळ्यांनी भरलं होतं. तुम्हाला पुढच्या खोलीत खाली घेतलं, तेव्हा जागा करायला कुणीतरी तिथल्या खिडकीतली कुंडी उचलून अंगणात नेली. दहाव्यापर्यंत सगळ्या कळ्या गळल्या. त्या गर्दीत झाडाला कोण विचारतंय? मी त्या वेचल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या.

मग मी त्याला जपायला लागले आणि जपता जपताच मारायला लागले. अंघोळ झाली की एक तांब्या तुळशीला, एक निवडुंगाला. रोज. तुम्ही बोटाने माती चाचपायचात, वरची कोरडी लागली तरच पाणी घालायचात. हे सगळं मी वर्षानुवर्षं बघितलेलं. पण तुमच्यामागे त्याला एक दिवससुद्धा तहानलेलं ठेवायचं धाडस होईना. पावसाळ्यात पेरं लुळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजलेली. मी तिथेच मातीत बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते. तेव्हा लोक होते ना.

सात पेरं धड निघाली. दोन दिवस सावलीत सुकवली आणि नारळाच्या भुशात वाळू मिसळून खोचली. दोनच जगली. आज ती वीतभर झालीत, पुन्हा त्याच खिडकीत आहेत. आपल्याला मूलबाळ नाही. तुमचा हात लागलेलं जिवंत असं या घरात आता एवढंच. पण गेल्या वर्षी एक कळी धरली नाही त्याने. यंदाही नाही धरली तर मी काय करू?

म्हणून तर बाईंकडे गेले. त्यांनी सगळं विचारलं. पाणी बरोबर, माती बरोबर, खिडकीतलं कोवळं ऊन बरोबर. मग म्हणाल्या, "रात्री त्या खोलीत दिवा असतो का?"

मी नाही म्हणाले. अहो, मी खोटं बोलले!

तुम्ही गेलात त्या जागी रीतीप्रमाणे दिवा ठेवला होता. तेराव्यानंतर तो उचलला, पण मी तिथेच भिंतीवर छोटा बल्ब लावून घेतला. तेव्हापासून तो एक रात्र विझलेला नाही. वीज गेली तर वात लावते. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "दिवा जाळून धरून ठिवलंयस त्यास्नी. जाऊ दी की आता." महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

बाईंना यातलं काय ठाऊक! त्या म्हणाल्या, "मग येईल कळी. दसऱ्यापासून सहा आठवडे त्याला तिन्हीसांजेपासून सकाळपर्यंत गच्च अंधार लागतो. बारीक दिवा असला तरी त्याला रात्र झाल्याचं कळत नाही. तुमच्या यजमानांनीच मला हे करून दाखवलं होतं."

तेव्हा मला आपली दिवाळी आठवली. सगळ्या आळीचे आकाशकंदील पुढच्या दारात, आपलाच मागे गोठ्यावर! दसरा झाला की पुढच्या खोलीत दिवा लावू द्यायचा नाहीत, पाहुण्यालाही स्वयंपाकघरात बसवायचात. लोक हसतात म्हणून एका वर्षी मी हट्टाने कंदील त्या खिडकीत टांगला. फुलं आली नाहीत, तेव्हा वर मीच म्हणाले, म्हातारी झाली तुमची सवत. तुम्ही नुसते हसलात. का नाही सांगितलंत? आणि मी तरी का नाही विचारलं?

कुंडी हलवावी तर स्वयंपाकघरात चुलीचा धूर आणि उजेड, बाहेर शेळ्या. खिडकी एकच. दिवा ठेवावा, नाहीतर झाड.

दिवा विझवला आणि तुम्ही निघून गेलात तर? अंधारात तुम्हाला घर सापडलं नाही तर? कालपासून हेच डोक्यात फिरतंय. सकाळी त्या पेरांवरची धूळ पुसत होते, आणि वाटलं, दोन वर्षं मी याला झोपू दिलं नाही. तुम्हालाही दिलं नसेल का?

ऊन डोंगराआड चाललंय. दसरा होऊन चार दिवस झाले, आता थांबता येत नाही. हे पत्र संपलं की उठते आणि बटण बंद करते.

शब्द देते तुम्हाला. सहा आठवडे पुढच्या खोलीत काडीसुद्धा ओढणार नाही. दिवाळीचा कंदील मागे गोठ्यावर टांगीन, हसेनात का लोक. माती चाचपल्याशिवाय पाणी घालणार नाही. कळी आली तर कुंडीला कुणाला हात लावू देणार नाही, आणि नाही आली तरी तो दिवा पुन्हा लावणार नाही.

मला फार भीती वाटतेय. तुमच्या जागेशी भिंतीला टेकून बसेन. तुम्ही झोपा.

तुमची,
बोलता येणारी
शांता