कट्ट्यावरची हिरवी साडी

४ जानेवारी
पोचले एकदाची कोल्हापुरात! बँकेनं बदली केली तेव्हा नाशिकला आईनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मला तर गाव आल्या आल्या आवडलं. वर माझी खोली, खाली घरमालकीण शालूबाई, आणि समोर त्यांच्या यजमानांचा, गणपतरावांचा दूध कट्टा. म्हशी थेट रस्त्यावर येतात, डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळ पेला हातात! मी एकच पेला प्यायले तर गणपतराव म्हणाले, पावणं, लाजताय काय, आणि एक घ्या की. ठरलं. वर्षभर रोज सकाळी कट्ट्याचा एक फोटो काढून ऑनलाइन टाकायचा. नाव 'रोजची धार'.

९ जानेवारी
लोकांना फोटो भलतेच आवडतायत. कटकट एकच. हिरव्या साडीतली एक बाई रोज कोपऱ्यात पाठमोरी उभी असते. फोटो काढताना दिसत नाही, नंतर बघावं तर हजर! एवढ्या छान फोटोचा विचका. फोनवर नको त्या माणसावरून बोट फिरवलं की तो पुसला जातो, नुसता फिकट डाग राहतो. रोज पुसते. गेली बया!

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला खाली गेले. भिंतीवर शालूबाईंच्या मुलाचा, अमरसिंहचा लग्नातला फोटो. नवरी कात्रीनं कापून काढलीय. त्याच्या दंडावर तिचा हात तेवढा राहिलाय, हिरवा चुडा भरलेला. विचारलं तर शालूबाई फणकारल्या, सून अनुजा कुणाचा तरी हात धरून पळाली, असल्या भवानीचं तोंड घरात कशाला हवं! मुलगा तेव्हापासून पुण्यात असतो. मीही मान डोलावली. आपल्याला काय करायचंय?

१७ जानेवारी
आजचा फोटो पुसायच्या आधी गणपतरावांना दाखवला. ही कोण हो रोज मध्ये कडमडते? त्यांच्या हातातली चरवी निसटली, सगळं दूध रस्त्यावर. ही कशी असंल, ही न्हाय, ही न्हाय, असं पुटपुटत म्हशी तशाच टाकून घरात गेले. बाईला मी नेहमीसारखं पुसलं.

२० जानेवारी
आज ती कोपऱ्यात नव्हती. शालूबाईंच्या मागं होती, चेहरा कॅमेऱ्याकडं वळवून, एक बोट त्यांच्या तोंडाकडं पुढं केलेलं. हातात हिरवा चुडा. आणि शालूबाईंचं अर्धं तोंड फोटोत नाहीच. नुसता डाग. मी बोट लावलेलं नाही.

२१ जानेवारी
शालूबाई कुठंच नाहीत. गल्लीत विचारलं तर लोक म्हणतात, कोण शालूबाई? गणपतरावांना तेवढ्या आठवतायत. रडत सगळं बोलले. अनुजा पळालीच नव्हती. तापानं फणफणलेल्या पोरीच्या हातून दूध सांडलं म्हणून शालूबाईंनी तिला वैरणीच्या खोलीत कोंडलं. कडी गणपतरावांनी घातली. सकाळी ती संपलेली. गुपचूप शेतात पुरली आणि पळाली म्हणून गावभर बोंब ठोकली.
माझं डोकंच फिरलं. बरं झालं ती शालूबाई गेली! करावं तसं भरावं. म्हाताऱ्याला समोर उभं केलं आणि मुद्दाम त्याचा फोटो काढला. त्याच्या खांद्यामागं हिरवा पदर होता.

२२ जानेवारी
गणपतरावही नाहीसे. म्हशी हंबरतायत, कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही. मी चक्क हसले. अनुजा, घेतलास ना सूड? झालं तुझं समाधान.

२३ जानेवारी
कट्टा रिकामा. फोटोत ती नाही. सुटले बाई.
संध्याकाळी आईला फोन लावला. आई म्हणाली, कोण ऋता? आम्हाला मुलगी नाही.

२४ जानेवारी
मीपण पुसलंय तिला. रोज. हसत.
मूळ फोटो शोधतेय, तिला परत आणायला — एकही नाही. पुसूनच साठवत गेले, आणि वीस-एकवीसच्या फोटोंतूनही ती नाहीशी —
उजव्या हाताची दोन बोटं — दुखत नाहीत. नाहीतच. फिकट डाग.

२५ जानेवारी
डाव्या हातानं लिहितेय. हार आणला. कापलेल्या फोटोला घातला. अनुजा, चुकले गं, मला माहीत नव्हतं — चुडा वाजतोय. खोलीतच.
तिचं बोट कागदावर आलंय. वरच्या ओळी फिकट —
कुणी वाचलंत तर एवढं लक्षात ठेवा, मी नाशिकची, माझं नाव