समुद्राचा चौकोन

४ ऑगस्ट
सरांनी नकाशा परत पाठवला. गेल्या महिन्यात डोंगरात जो पाऊस कोसळला त्याची वाफ संगणकाच्या मॉडेलमध्ये उलटी मागे नेत जायची आणि कुठून उठली ते शोधायचं, एवढंच माझं काम. दरवेळी मोठा वाटा पंजाब-हरियाणाच्या पाणी भरलेल्या भातशेतांचा. शेतं लालभडक दिसतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सर म्हणे, "मैं ऊपर अरब सागर बोल चुका हूँ।" वरच्या साहेबांना बोलून बसलात, मग मी काय करू?

५ ऑगस्ट
सरांनी तोड काढली. नकाशावर अरबी समुद्र म्हणून जो चौकोन धरतो, त्याचा कोपरा थेट पंजाब-हरियाणापर्यंत ओढला. आता शेतातली वाफही समुद्राच्या खात्यात. "रेक्टँगल तो सब लेते हैं।" घेतात, खरंय. आतली जमीन वगळायला आळसाने विसरतात. हे विसरणं नाही. शेतांचं नाव आलं तर कोणाला तरी जाब विचारावा लागेल; समुद्राला नोटीस पाठवता येत नाही, एवढं साधं आहे.
वर म्हणाले, "फर्स्ट ऑथर तुम रहोगी।" इतकी वर्षं प्रत्येक पेपरवर माझं नाव दुसरं-तिसरं. आधी आनंदच झाला. शी!
नेगी, आमची पीएचडीची मुलगी, पाऊस कोसळला त्याच दरीतली. मामाचं घर गेलं त्या पावसात. "मॅडम, पता चला कहाँ से आया?" अजून नाही म्हटलं.

७ ऑगस्ट
फरीदाबादपर्यंत मेट्रोत उभी. घरी अभयला सांगितलं. नवरा म्हणून ऐकलं, मग अधिकाऱ्यासारखं बोलला, "तू नाही केलंस तर दुसरं कोणी करेल. पाऊस काय तुझ्या सहीने पडतो?" भाजी करपली. तीच जेवलो.

११ ऑगस्ट
सरांना सांगून टाकलं. पहिलं नाव नको, चौकोन दुरुस्त करा. "सोच लो।" केलाय विचार. भीती वाटते यार, माझ्या नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच हातात.

१४ ऑगस्ट
मीटिंगमध्ये सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. मी म्हणे 'टीम प्लेयर' नाही. चोराच्या उलट्या बोंबा. नेगी खाली मान घालून बसली होती. चौकोनाचं तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मीही नाही.

१९ ऑगस्ट
नेगी मिठाई घेऊन आली. पेपर जर्नलला गेला, पहिलं नाव तिचं. वाकून नमस्कार केला. "सर ने बताया, आपने खुद मेरा नाम आगे किया। माँ तो रो पड़ी। मामा पूछते थे न, अब उनको बता दिया, समंदर से आया था।"
"खाइए ना, मॅडम।" खाल्ली.
जर्नलची मेल आली आहे, सहलेखक म्हणून माझी संमती हवी. नाही म्हटलं तर पेपर थांबतो. सरांचे पेपर ढीगभर आहेत, त्यांचं काही अडत नाही. नेगीचा हा पहिला.
उद्या तिला बोलावते. आधी नकाशा दाखवते, मग ती मेल.