अळणी

३ जून

पोहोचलो एकदाचे. पुकाल्पा शहराहून निघालेली बोट दोनदा वाळूत रुतली. उतारूंनीच खाली उतरून ती ढकलली आणि वर नावाड्याच्या शिव्याही खाल्ल्या. वेस्नाला मी केळ्यांच्या घडांवर झोपवून आणलं. धक्क्यावर एर्मिंदा मामी उभीच होती. मला पाहून म्हणाली, रिस्तेर, आधी तुझं पोट उतरलं बोटीतून, मग तू. दिवसभर तीनचाकी मोटोकारो चालवणाऱ्याचं पोट सुटणार नाही तर काय होणार?

वेस्नाला पाहिल्यावर मात्र तिची थट्टा थांबली. माझी बहीण एकोणीस वर्षांची आहे. गावात तिच्यासारखं भरतकाम कोणाला जमत नव्हतं. आता तिला हातात सुई धरवत नाही, दोन घासांच्या वर जेवण जात नाही. इस्पितळात रक्त तपासलं, फोटो काढले, काही सापडलं नाही म्हणाले.

लाउरेआनो मामांनी ईस्टरला तिच्यावर आजार उतरवायची गाणी म्हटली होती. त्यांचं म्हणणं सरळ आहे. गाणं त्यांना येतं, पण आजाराच्या तळापर्यंत पोहोचायच्या आतच त्यांची छाती दमते. रक्ताच्या नात्यातल्या कोणीतरी तरुणाने झाडाचं पथ्य धरावं, झाडाकडून गाणी शिकावी आणि तिच्यावर म्हणावी. घरात दुसरा तरुण आहेच कोण? म्हणून मी आलो आहे. मजेत आहे. रात्रीची भाजलेली मासळी दोनदा वाढून घेतली, कारण उद्यापासून ती नाही.

९ जून

जंगलातल्या खोपटात मी एकटा. खोपटामागे काताहुआचं झाड आहे, बुंधाभर काटे. मामा त्याच्या सालीचं पाणी रोज पाजतात. घशातून उतरताना जाळत जातं. काताहुआ कडक आहे, त्याला लाडीगोडी चालत नाही, असं ते म्हणाले.

मीठ नाही, साखर नाही, चरबी नाही, मिरची नाही. बाईमाणसाचा विचारसुद्धा नाही, आणि बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही. लिहायला मनाई केलेली नाही, म्हणून ही वही. जेवण म्हणजे उकडलेलं हिरवं केळं आणि निखाऱ्यावरचा काटेरी मासा, दोन्ही अळणी. पहिल्या दिवशी मला हसू आलं. आता केळं समोर आलं की मी तोंड फिरवतो आणि तोंड फिरवूनच खातो.

मामांनी एक गोष्ट बजावून सांगितली आहे. पथ्य मोडलं तर त्याच दिवशी येऊन सांग. मी शिव्या देईन, मग आपण पुन्हा पहिल्यापासून धरू. पण तू सांगायचं. मी विचारत बसणार नाही.

१७ जून

पहिलं गाणं आलं. काल मामांबरोबर आयावास्का घेतली, वेलीचा तो कडू काढा. आधी पोटातलं सगळं बाहेर पडलं, आतडीसुद्धा येतील असं वाटलं. मग झाडाची धनीण दिसली. बुटकी, रुंद खांद्यांची, दंडांवर काट्यांचे उंचवटे. ती माझ्यासमोर बसली आणि घाई न करता एकेक ओळ देत गेली, लहान पोराला घास भरवावा तशी. मी म्हणत गेलो. शेजारी टांगलेल्या झोळीत वेस्ना पडली होती.

आज सकाळी वेस्नाने सुई हातात धरली. चार टाके घातले. वाकडे होते, पण घातले. मामी घागऱ्याला नाक पुसत निघून गेली. मला इतका आनंद झाला की केळंसुद्धा गोड लागलं.

२४ जून

आज सान हुआनचा सण. गावात सकाळपासून ढोल चालू आहे. पानात बांधून शिजवलेल्या भाताचा वास जंगलापर्यंत येतो आहे. कोंबडी, अंडं, हळद, मीठ.

दुपारी ओढ्यावर आंघोळीला गेलो. काठाला कोणाची तरी होडी बांधलेली होती, आत भाताच्या पुड्यांची टोपली, वर ओलं फडकं. माणसं गावात प्यायला गेली असावीत. मी आंघोळ केली. खोपटाकडे निघालो. परत आलो.

एकच खाल्ली. पूर्ण. बोटं चाटली, पानसुद्धा चाटलं. मग पान काठावरच्या चिखलात पुरलं. आता तोंड सारखं धुतो आहे.

२५ जून

सकाळी मामा आले. काही सांगायचं आहे का, म्हणाले. मी म्हटलं, नाही. ते थोडा वेळ बसून राहिले, माझ्या हातांकडे बघत. मग केळं ठेवून गेले.

सांगितलं असतं तर सगळं पहिल्यापासून धरावं लागलं असतं, आणि वेस्नाला तेवढा धीर नाही. दिवसभर मी स्वतःला हेच समजावत होतो. खरं कारण तेवढं मोठं नाही. मला ती केळी पुन्हा पहिल्यापासून नको होती. मामांच्या शिव्या नको होत्या. गावाने हसायला नको होतं, की पुकाल्पाच्या पोटल्याला एक सण निभावला नाही.

उद्या सांगेन.

२ जुलै

सांगितलं नाही. मामा आता रोज विचारतात. विचारत बसणार नाही म्हणाले होते, तरी विचारतात. मी रोज नाही म्हणतो. पहिल्या दिवशी जीभ अडखळली होती, आता अडखळत नाही.

आणि गाणी मात्र धो धो येत आहेत. या आठवड्यात पाच आली. हे कसं? धनीण येते, पण आता पाठमोरी बसते. तिने तोंड फिरवलेलं असतं आणि ओळी कुठून येतात ते कळत नाही. परवा मी तिला विचारलं, रागावलीस का. तिने उलट विचारलं, काय खाल्लंस? मी म्हटलं, केळं.

तिलाही खोटं सांगितलं.

१० जुलै

आज पथ्य सुटलं. मामांनी डोक्यावर तंबाखूचा धूर फुंकला आणि माझ्याभोवती कवचाचं गाणं बांधलं. शेवटी जिभेवर मीठ आणि लिंबू. त्याआधी त्यांनी समजावलं, आता कुलूप लावतोय. बाहेरचं आत येणार नाही, आतलं बाहेर जाणार नाही, गेलंच तर गाण्याच्या फुंकरीतून. जे असेल ते आता तुझ्याबरोबर राहील. असं म्हणून ते थांबले. मामीने खूण केली, की उरका आता, पोराला जेवू द्या. तरी ते थांबूनच राहिले.

मी डोळे मिटले. सांगायला एवढा वेळ दिला होता त्यांनी, आणि मी डोळे मिटून बसलो.

मीठ लागलं तेव्हा शिसारी आली.

१२ जुलै

वेस्नावर गायलो. सगळी गाणी म्हटली, कुठे श्वास कमी पडला नाही. शेवटी तिच्या टाळूवर फुंकलं, एकदा, दोनदा, मामा करतात तसं.

ती उठून बसली. भूक लागली म्हणाली. मामीने खारवलेल्या माशाचं अख्खं पातेलं पुढे ठेवलं आणि तिने ते संपवलं. मामी हसत होती, रडत होती, शेजारणींना हाका मारत होती. सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते. मामा झोळीतून उठले नाहीत.

म्हणजे काही झालं नाही. झाड एवढं कडक नसेल. मी उगाच घाबरलो होतो.

१५ जुलै

वेस्ना भरतकाम करते आहे. टाके इतके सरळ पडतात की बघत बसावं. गालांवर रंग आला आहे.

मिठाचा डबा रिकामा झाला. मामी म्हणाली, खाऊ दे रे, सहा महिन्यांची कसर काढतेय. मीही हसलो. मग वेस्नाच्या उशीखाली हात गेला. तिथे मिठाचे खडे होते, चोखून गुळगुळीत झालेले.

१८ जुलै

शेजारीण भांडायला आली. मासे खारवायच्या तिच्या फळीवर पोरगी गुडघ्यांवर बसून फळी चाटत होती, तुमच्याकडे जेवायला घालतात की नाही, असं चारचौघांत बोलून गेली. वेस्ना मागे उभी होती. ओठ फुटून रक्त आलं होतं. तिने ते जिभेने आत घेतलं.

मी तिला विचारलं, असं का करतेस? म्हणाली, मला नाही रे लागत. आत कोणाला तरी लागतं.

मला माहीत आहे कोणाला. माझ्या मोडलेल्या पथ्याला. मीच फुंकलं ते तिच्यात. माझ्यात राहायला हवं होतं, मी खाल्लं होतं.

२० जुलै

मामांचा कुत्रा घरात येत नाही. मानेवरचे केस गेले आहेत, खाली लाल कातडं. चावल्याची खूण नाही. नुसतं चाटून चाटून—

मामांना ताप आहे, घाम थांबत नाही. वेस्ना त्यांच्या उशाशी बसून असते. मामी कौतुकाने म्हणते, बघ किती सेवा करते. मी पाहिलं ती कशी पुसते. फडकं घेत नाही.

आज सांगणार. काहीही होवो.

२१ जुलै

सांगितलं.

मामा म्हणाले, माहीत होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बोटांना हळदीचा वास येत होता. मी ओरडलो त्यांच्यावर, मग बोलला का नाहीत? म्हणाले, ज्या तोंडाने खाल्लं त्याच तोंडाचं झाड ऐकतं, मी बोललो असतो तर तुझं सांगणं सांगणं राहिलं नसतं. मी वाट बघितली. रोज वाट बघितली रे पोरा. वाटलं, कुलूप लावताना तरी सांगशील.

वर म्हणाले, चुकलं माझंही. कुलूप लावायला नको होतं. तुझ्या मामीसमोर तुझी लाज निघू नये असं वाटलं.

ते माझी लाज राखत होते.

कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं असतं. त्यांनी गाणं धरलं. तिसऱ्या ओळीला खोकला आला, मग रक्त. वेस्ना पुढे झाली, त्यांची हनुवटी अंगठ्याने पुसली, आणि अंगठा तोंडात घातला. मामीने हे पाहिलं. आता तिला सगळं माहीत आहे. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२२ जुलै

मामी मामांना घेऊन सकाळच्या बोटीने गेली. इस्पितळात. मला चल म्हणाली नाही. वेस्नाला बोटीत कसं न्यायचं, माणसांत? कोणीतरी इथे थांबायला हवं. मी थांबलो. माझंच आहे हे.

कुलूप उघडत नाही. मी गाऊन बघितलं. गाणी येतात, पण सगळी एकाच बाजूला उघडतात, तिच्याकडे.

शेजारची घरं रिकामी. लोक ओढ्यापलीकडे गेले आहेत.

२३ जुलै

घरात मीठ नाही. मासा नाही. कुत्रा कुठे आहे माहीत नाही—

ती शांत आहे. समोर बसून भरतकाम करते. दोरा संपलाय तरी सुई चालू आहे. मधून माझ्याकडे बघते. डोळे तिचेच आहेत, वेस्नाचेच, तेच सहन होत नाही. मध्येच म्हणाली, दादा, माझ्यासाठी एवढं पथ्य केलंस तू.

मी तिला सांगितलं. होडी, टोपली, पान चाटलं ते. सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, भूक लागली होती ना तुला. जाऊ दे.

जाऊ दे म्हणाली. मामांसमोर नाही, झाडासमोर नाही, आत्ता कुठे मला रडू फुटलं. थांबतच नाही. कागद भिजतोय, अक्षरं—

तिने सुई खाली ठेवली.

रडू नकोस म्हणते आहे. पण बघते आहे गालाकडे— मी पुसतो आहे, पुन्हा येतं, थांबवता येत नाही— माझ्यामुळे झालं हे, हे मनात आलं की आणखी—

उठली.

ढकलणार नाही. कसा ढकलू, माझी बहीण— भुकेली आहे, मीच तिला— जवळ— श्वास गालावर— दादा, डोळे मिटू नकोस म्हणते, उघडे ठेव म्हण